यमाच्या दारात बसलेल्या मुलाचं नाव

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

आमचा मुलगा दीड महिन्याचा झाला. घरातल्या आजारपणामुळे बारसं लांबलं, ते आता पुढच्या महिन्यात करायचं ठरलंय. मला त्याचं नाव नचिकेत ठेवायचं आहे. माझे बाबा संस्कृत शिकवायचे आणि कठोपनिषदातली नचिकेताची गोष्ट मी त्यांच्याच तोंडून ऐकत मोठी झाले. बाबा आता नाहीत.

सासूबाईंना मात्र हे नाव ऐकवतसुद्धा नाही. "बापाने मृत्यूला देऊन टाकलेलं पोर, यमाच्या दारात उपाशी बसलेलं. असलं नाव तान्ह्या लेकराला?" एवढं म्हणून त्या उठून आत गेल्या. ह्यांनी इंटरनेटवर पाहिलं तर एका ठिकाणी अर्थ 'अग्नी', दुसरीकडे 'न जाणणारा'. ते म्हणतात, अर्थच नक्की नाही तर हट्ट कशाला? गुरुजींनी पत्रिकेवरून 'हे' अक्षर काढून दिलंय, तेही जुळत नाही. नणंदबाईंचं म्हणणं, नाव ठेवायचा मान आत्याचा, तेव्हा नावही मीच सुचवणार.

आणखी एक. ह्यांच्या आधी सासूबाईंना एक मुलगा झाला होता, तो चार महिन्यांचा असताना गेला. घरात त्याचा विषय कोणी काढत नाही.

मी चुकतेय का?

— एक आई

उत्तर

नाही, तुम्ही चुकत नाही आहात. नाव चांगलं आहे. माझ्या मते तर मुलाला देता येण्याजोग्या संस्कृत नावांमधलं ते फार मोलाचं नाव आहे. ते अशुभ नाही आणि 'अज्ञानी' असा त्याचा अर्थही नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं निवांतपणे वाचाल. पण हे माझं मत सासूबाईंपुढे ठेवून काही साधणार नाही. त्यांच्यापुढे गोष्टच ठेवावी लागेल, आणि तीही पूर्ण. त्यांनी जी सांगितली ती खोटी नाही, अर्धी आहे.

आधी तुमच्या यजमानांची शंका मिटवू. 'नचिकेत म्हणजे अग्नी' हा अर्थ नावांच्या याद्यांमध्ये सर्रास दिसतो, आणि तो उलट्या बाजूने आलेला आहे. कठोपनिषदात यम या मुलाला तीन वर देतो. दुसऱ्या वरात मुलगा स्वर्ग मिळवून देणाऱ्या अग्नीची विद्या मागतो. यम त्याला सगळं शिकवतो. त्या चितीला, म्हणजे अग्नीसाठी रचायच्या वेदीला, विटा कोणत्या लागतात, किती लागतात, कशा रचायच्या. शिकवून झाल्यावर मुलगा ते ऐकलं तसंच्या तसं म्हणून दाखवतो. यम इतका प्रसन्न होतो की न मागता आणखी एक देणगी देतो: 'तवैव नाम्ना भवितायमग्निः', हा अग्नी यापुढे तुझ्याच नावाने ओळखला जाईल. म्हणून त्या अग्नीला 'नाचिकेत' म्हणतात, नचिकेताचा अग्नी. अग्नीला मुलाचं नाव मिळालं आणि याद्या करणाऱ्यांनी मुलालाच अग्नी करून टाकलं.

नावाची फोड मात्र 'न' आणि 'चिकेत' अशीच आहे. 'चिकेत' हे लक्षात येणं, जाणणं, पारखणं या अर्थाच्या धातूचं रूप. आपला 'चिकित्सा' हा शब्द त्याच घरातला, आणि मराठीत ज्याला आपण 'चिकित्सक' म्हणतो तोही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या एका सूक्तात 'न चिकेत' हे दोन शब्द असेच शेजारी-शेजारी येतात, आणि गंमत म्हणजे ते बोलणारा स्वतः अग्नी आहे. तेव्हा 'न जाणणारा' हा शब्दशः अर्थ बरोबर आहे. पण 'न जाणणारा' आणि 'अज्ञानी' यांत फरक आहे, आणि हे सगळं उपनिषद त्या फरकावर उभं आहे. या मुलाला आपल्याला काय कळलेलं नाही ते नेमकं कळलेलं आहे. म्हणून तो विचारतो, आणि विचारायला थेट यमाकडे जातो. तिसऱ्या वरात तो मागतो ते असं: माणूस गेल्यावर कोणी म्हणतात तो असतो, कोणी म्हणतात नसतो, ही जी शंका आहे तिचं उत्तर दे. मूळ श्लोकात 'शंका' या जागी शब्द आहे 'विचिकित्सा'. त्याच्या नावातला धातू त्याच्या प्रश्नातही आहे. उपनिषद रचणाऱ्याने हे जाणून केलं असेल असं मला नेहमी वाटतं.

आता गोष्ट. तुम्हाला ती येते, पण कशी सांगायची यासाठी मी पुन्हा सांगते.

वाजश्रवस नावाचा यजमान सर्वस्व दान करण्याचा यज्ञ करतो. दक्षिणेच्या गाई निघतात. मुलगा बाजूला उभा राहून बघतो. उपनिषद त्याला 'कुमार' म्हणतं, म्हणजे पोरवयच आहे. त्याला दिसतात त्या गाई कशा? 'पीतोदका जग्धतृणा दुग्धदोहा निरिन्द्रियाः'. ज्यांचं पाणी पिऊन झालं, गवत खाऊन झालं, दूध देऊन झालं, अंगात काही उरलं नाही अशा. देण्यासारखं काही नसलेल्या गाई बाप दान म्हणून देतोय. मुलगा ओरडत नाही, चारचौघांत बापाचा अपमान करत नाही. तो एवढंच विचारतो, 'बाबा, मला कोणाला देणार?' सर्वस्वात मुलगाही आला ना! एकदा विचारतो, दोनदा विचारतो. तिसऱ्यांदा बाप म्हणतो, 'मृत्यूला देतो तुला.'

सासूबाईंची गोष्ट इथे थांबते. यमाच्या दारापाशी.

यम घरी नसतो. मुलगा तीन रात्री अन्नाशिवाय राहतो. आणि यम परत आल्यावर काय करतो? पहिली गोष्ट, तो माफी मागतो. 'तू नमस्काराला पात्र असा पाहुणा, माझ्या घरी तीन रात्री उपाशी राहिलास. तुला नमस्कार असो, माझं भलं होवो, प्रत्येक रात्रीसाठी एक असे तीन वर माग.' पाहुणा दारात उपाशी राहिला म्हणून यम त्या पोरापुढे ओशाळतो. हा ओढून नेणारा यम नाही. हा घरचा रिवाज पाळणारा यजमान आहे.

आणि मुलगा पहिला वर काय मागतो, हे सासूबाईंना सांगाच. तो स्वतःसाठी काही मागत नाही. ज्या बापाने त्याला मृत्यूला दिलं त्याच्यासाठी मागतो. माझ्या वडिलांचा राग जावो, त्यांचं मन शांत होवो, तू मला परत पाठवशील तेव्हा त्यांनी मला ओळखावं आणि आनंदाने बोलावं. यम म्हणतो, तथास्तु. 'सुखं रात्रीः शयिता वीतमन्युस्त्वां ददृशिवान्मृत्युमुखात्प्रमुक्तम्.' मृत्यूच्या तोंडातून सुटून आलेल्या तुला पाहून तुझ्या वडिलांना रात्री सुखाची झोप लागेल. यमाच्या घरात बसून हा मुलगा पहिल्यांदा विचार करतो तो घरी जागा असलेल्या बापाच्या झोपेचा.

तिसऱ्या वराच्या वेळी यम त्याला परोपरीने वळवून पाहतो. शंभर वर्षं जगणारे मुलगे-नातू माग, हत्ती-घोडे, सोनं, हवं तेवढं आयुष्य माग, हा प्रश्न मात्र विचारू नकोस, देवांनाही इथे शंका पडली होती. मुलगा म्हणतो, हे सगळं उद्यापर्यंतचं आहे. पैशाने माणूस तृप्त होत नाही. मग यम सांगू लागतो, आणि पुढच्या वल्ल्यांमध्ये, म्हणजे प्रकरणांमध्ये, जे येतं ते आपल्या कानांवरून कायम गेलेलं असतं, फक्त ते कुठलं हे आठवत नाही. शरीर हा रथ आणि आत्मा रथी, हिताचं ते श्रेय आणि आवडीचं ते प्रेय यांतली निवड, वस्तऱ्याच्या धारेसारखी वाट, 'उत्तिष्ठत जाग्रत', सगळं याच संवादातलं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 'न जायते म्रियते वा' हा श्लोकही थोड्या फरकाने इथे आहे. स्वामी विवेकानंदांना हे उपनिषद फार प्रिय होतं आणि या मुलाची श्रद्धा त्यांनी पुन्हा पुन्हा वाखाणली.

मध्येच एका ठिकाणी यम म्हणतो, 'त्वादृङ्नो भूयान्नचिकेतः प्रष्टा.' नचिकेता, तुझ्यासारखे विचारणारे आम्हाला मिळोत. एखाद्या बाळाचं नाव ठेवण्यासाठी याहून मोठा आशीर्वाद मला तरी आठवत नाही. आणि उपनिषद संपतं तेव्हा त्याच्यासाठी वापरलेला शब्द आहे 'विमृत्यु', ज्याला मृत्यू उरला नाही असा.

हे सगळं खरं असलं, तरी सासूबाईंना पटवायला हे पुरेल असं मी म्हणणार नाही. कारण त्यांचं भय गोष्टीतून आलेलं नाही. ते तुम्ही 'आणखी एक' म्हणून जे लिहिलंत तिथून आलेलं आहे.

आपल्याकडे मुलं जगत नसली की नवीन जन्मलेल्याला मुद्दाम टाकाऊ नाव ठेवायची रीत होती. भिकू, दगडू, धोंडू, केरू. मृत्यूची नजर जाऊ नये, त्याला वाटावं की हे कोणाला नको असलेलं पोर आहे, दगड आहे, केर आहे. आपल्या पणज्यांच्या पिढीत अशी नावं घरोघरी होती. ती नावं कुरूप नाहीत. ज्या आईने आधीची दोन-तीन बाळं पुरली तिने चौथ्यासाठी केलेली ती राखण आहे. नाव ही त्या बायकांच्या हातातली एकच गोष्ट होती, आणि ती त्यांनी ढालीसारखी वापरली. तुमच्या सासूबाई त्या पिढीतल्या नसतील, पण त्यांचा जीव त्याच तर्काने चालतोय. मृत्यूच्या समोर लेकराचं नाव काढायचंच नाही. आणि तुम्ही आणलंत ते नाव असं, की ते यमाच्या दारात जाऊन बसतं. त्या उठून आत गेल्या यात मला रुसवा दिसत नाही.

म्हणून तुम्ही त्यांच्याशी नावाबद्दल बोलायच्या आधी तुमच्या यजमानांनी त्यांच्याशी बोलायला हवं. आई त्यांची आहे, आणि गेलेलं बाळ त्यांचा भाऊ होता. अर्थ नक्की नाही म्हणून विषय सोडून द्यायला सांगणं सोपं आहे, पण इथे अर्थाचा प्रश्नच नाही. एखाद्या दुपारी घरात दुसरं कोणी नसताना त्यांनी आईजवळ बसावं आणि विचारावं, 'आई, दादाचं नाव काय ठेवलं होतं?' कदाचित आजवर हे त्यांना कोणी विचारलेलंही नसेल. त्या रडतील. रडू द्यावं. लगेच पुढचा विषय काढायची घाई करू नये. त्या दिवशी नचिकेत हे नाव निघालंच नाही तरी चालेल.

नंतर गोष्ट सांगायची ती तुम्ही. संस्कृत श्लोक म्हणू नका. बाबांनी तुम्हाला सांगितली तशीच सांगा, आणि ती बाबांची गोष्ट आहे हेही सांगा. तुम्ही वडिलांना मुकलात हे त्यांना माहीत आहे, पण नावाच्या मागे ते आहेत हे तुम्ही कधी बोलून दाखवलंत का, ते पत्रावरून कळत नाही. सांगून पाहा. गाई सांगा, यमाने मागितलेली माफी सांगा, आणि पहिल्या वरापाशी थोडं रेंगाळा. बापाला झोप लागावी म्हणून मागितलेला वर ज्या बाईला स्वतःच्या रात्री आठवतात तिला कळेल.

एक सावधगिरी मात्र घ्या. महाभारताच्या अनुशासनपर्वात हीच कथा वेगळ्या रूपात आहे. तिथे बाप भुकेने आणि थकव्याने चिडून 'यमाला बघ जा' असं बोलून जातो आणि मुलगा तिथल्या तिथे निष्प्राण पडतो. बाप रात्रभर रडतो. त्याच्या आसवांनी भिजलेला मुलगा सकाळी दर्भाच्या शय्येवर हलतो, पावसाने भिजलेल्या पिकासारखा, असं व्यासांनी म्हटलंय. अतिशय सुंदर जागा आहे. पण ती सासूबाईंना आत्ता सांगू नका. आपण रडलो तेव्हा आपलं बाळ हललं नाही, हेच त्यांच्या मनात येईल.

यमाचं नाव घरात नको असं त्या म्हणाल्या तर त्यांच्याच सणांची आठवण करून द्या, वाद म्हणून नव्हे, सहज. वटपौर्णिमेला ज्या सावित्रीसाठी वडाला सूत गुंडाळतात तिने सत्यवानाला आणलं ते यमाशी बोलून बोलूनच. तिलाही यमाने वर दिले आणि तिच्या बोलण्यावर तोही असाच प्रसन्न होत गेला. भाऊबीज म्हणजे यमद्वितीया, यम बहिणीच्या घरी जेवायला जातो तो दिवस. धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून कणकेचा दिवा लावतात तोही त्याच्याच नावाचा. आपल्या घरांतून यम येत-जात असतोच, आणि बहुतेक वेळा पाहुणा म्हणून येतो. हां, एक खरं आहे की कठोपनिषदातच ही कथा श्राद्धाच्या वेळी ऐकवल्याचं फळ सांगितलं आहे. सासूबाईंच्या माहेरी कुठे असं वाचन झालेलं त्यांच्या कानावर असेल, तर नावाशी श्राद्ध जोडलं जाणं साहजिक आहे. तसं असेल तर त्या सांगतील. ऐकून घ्या. पण त्याच ठिकाणी, त्याच्या आधीच्या श्लोकात, ही कथा सांगणारा आणि ऐकणारा दोघेही ब्रह्मलोकी थोर ठरतात असंही म्हटलंय, आणि तिथे श्राद्धाचा उल्लेख नाही.

या नावाचा एक माणूस त्यांनाही आठवत असण्याची शक्यता आहे. मे १९९९ मध्ये कारगिलच्या युद्धात हवाई दलाचे फ्लाइट लेफ्टनंट कंबमपाटी नचिकेता यांच्या मिग-२७ चं इंजिन बंद पडलं. ते विमानातून बाहेर पडले आणि पाकिस्तानी सैन्याच्या हाती लागले. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते वाघा सीमेवरून जिवंत परत आले. ते नावामुळे वाचले असं मी म्हणणार नाही. पण हे नाव घेऊन माणसं जगतात, मोठी होतात, कठीण जागेतून परतही येतात, एवढं तरी ऐकणाऱ्याच्या मनात राहील.

एवढं करूनही त्या 'नाही' म्हणाल्या तर? तर मी म्हणेन, व्यवहाराचं नाव नचिकेतच ठेवा आणि पाळण्यातलं नाव त्यांना ठेवू द्या. आपल्याकडे बारशाला एकाहून जास्त नावं ठेवतातच, त्यासाठी नवी सोय काढायची गरज नाही. त्यांनी दीर्घायुष्याचं एखादं नाव निवडावं, त्याच नावाने नातवाला आयुष्यभर हाक मारावी. आजीने वेगळ्या नावाने हाक मारल्याने मुलाचं काही बिघडत नाही, त्याला एक माणूस जास्त आपलं वाटतं. फक्त गेलेल्या बाळाचं नाव याला ठेवायचं त्यांच्या मनात आलं तर तेवढं नको म्हणा, मायेने पण स्पष्ट. ते नाव त्या बाळाचं आहे. हेच मी तुम्हालाही तुमच्या बाबांच्या बाबतीत सांगेन. नाव त्यांच्या आठवणीतून आलं हे छानच आहे, पण तुमचा मुलगा संस्कृतकडे ढुंकूनही पाहणार नाही आणि फुटबॉल खेळेल, असंही होऊ शकतं, आणि तेव्हाही तो नचिकेतच असेल.

पत्रिकेच्या अक्षराचं फार मनावर घेऊ नका. 'हे' म्हणजे पुष्य नक्षत्राचा दुसरा चरण. त्यावरून येणारं नावरस नाव पत्रिकेत लिहा, 'हेरंब' लिहिता येईल, आणि पुष्कळ घरांत ते नाव मुद्दाम कोणाला सांगत नाहीत. व्यवहाराचं नाव त्याच अक्षराचं हवं असा नियम नाही.

उलट जुन्या ग्रंथांतले नियम पाहाल तर तुमची निवड त्यांच्या पुष्कळ जवळ जाते. पारस्कर गृह्यसूत्र सांगतं की मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरी असावं, सुरुवात मृदू व्यंजनाने व्हावी, मध्ये य, र, ल, व यांपैकी काही असावं, शेवटी दीर्घ स्वर किंवा विसर्ग असावा. 'नचिकेताः' हे मूळ रूप चार अक्षरी, 'न' मृदू, शेवट दीर्घ आणि विसर्गाचा; फक्त मधलं अक्षर बसत नाही. पतंजलीने महाभाष्य या व्याकरणग्रंथाच्या आरंभी याज्ञिकांचं असंच वचन दिलंय. त्यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. एक, दहाव्या दिवसानंतर नाव ठेवावं, म्हणजे बारसं लांबलं याचं मनाला लावून घ्यायला नको. दुसरी, नावाचा पहिला स्वर वृद्धीचा, म्हणजे आ, ऐ किंवा औ नसावा, आणि ते दुसऱ्या नावाला प्रत्यय लागून झालेलं नसावं. म्हणून 'नचिकेत' ठेवा, 'नाचिकेत' नको. महाभारतात मुलाला 'नाचिकेत' म्हटलेलं आहे, चूक नाही, पण 'नाचिकेत' म्हणजे मुळात नचिकेताचा, त्याच्याशी जोडलेला.

'नचिकेता' की 'नचिकेत' हेही लोक तुम्हाला विचारतील. मूळ शब्द 'नचिकेतस्'. हिंदीत, बंगालीत, तेलुगूत 'नचिकेता' म्हणतात, मराठीत आपण शेवट सोडतो. हिंदीतला दुर्वासा आपल्याकडे दुर्वास होतो, तसंच हे. शिवाय उपनिषदाच्या शेवटच्या श्लोकात 'नचिकेतोऽथ' असं अकारान्त रूप आलेलंच आहे, तेव्हा मराठी रूपाला आधाराची उणीव नाही. उच्चारात 'चि' हा 'चिमणी'तला. कोणी 'चमचा'तला 'च' लावणार नाही, मराठी जिभेला ते जमतच नाही.

नोंदणीची घाई नको. जन्माची नोंद नाव न लिहिताही होते, आणि ती रुग्णालयामार्फत एव्हाना झाली असेल. नसेल तर आधी चौकशी करा, कारण २१ दिवसांची मुदत उलटून गेली आहे. नाव त्या नोंदीत पहिल्या १२ महिन्यांत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे सासूबाईंना वेळ द्यायला कायद्याने तुम्हाला जवळजवळ वर्ष दिलेलं आहे. नाव घालताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग स्वतः वाचून घ्या. एकदा दाखल्यावर उतरलं की बदलणं सोपं नसतं.

राहिल्या नणंदबाई. बारशाला बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगायचा मान त्यांचाच आहे आणि तो त्यांना पूर्ण द्या. नाव ठरवायचा हक्क मात्र आई-वडिलांचा, हे तुमच्या यजमानांनी बहिणीला आधीच फोन करून सांगावं, बारशाच्या दिवसावर ठेवू नये. आणि त्याच फोनवर त्यांना गोष्टही सांगा. बारशाला आलेल्या बायका 'म्हणजे काय हो?' असं पहिल्यांदा आत्यालाच विचारणार आहेत.